साडेतीन महिन्यांचं सरकार आणि न वाटलेली जमीन

लिथुआनियाच्या नैऋत्येला मारियाम्पोले नावाचं शहर आहे. १९५५ ते १९८९ ही चौतीस वर्षं नकाशावर हे नाव तुम्हाला सापडलं नसतं. त्या जागी 'काप्सुकस' असं लिहिलेलं असायचं. राजधानी विल्नियसमधलं विद्यापीठ १५७९ साली स्थापन झालेलं, पूर्व युरोपातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक. सोव्हिएत काळात त्यालाही याच माणसाचं नाव होतं. आज शहराला जुनं नाव परत मिळालंय, विद्यापीठालाही. लेनिनसोबतचा त्याचा पुतळा मात्र ग्रूतास नावाच्या गावाजवळच्या बागेत आहे. सोव्हिएत काळातले उतरवलेले पुतळे तिथे आणून ठेवलेत आणि लोक तिकीट काढून ते बघायला जातात.

हा माणूस म्हणजे विन्त्सस मित्स्केविचुस-काप्सुकस. पत्रकार, कैदी, फरारी, संपादक, विचारवंत आणि १९१९ साली जेमतेम साडेतीन महिने विल्नियसमधून चाललेल्या कम्युनिस्ट सरकारचा प्रमुख.

आता तुम्ही म्हणाल, लिथुआनियाचा आणि आपला काय संबंध? संबंध लावायचाच म्हटलं तर बारीकसा आहे, तो पुढे येईलच. पण ही गोष्ट सांगण्याचं खरं कारण वेगळं आहे. परदेशात राहणाऱ्या आपल्या भाषेच्या माणसांसाठी पेपर काढणं, त्यांना मायदेशातल्या राजकारणाशी बांधून ठेवणं आणि मग एक दिवस मायदेशी परतून त्या विचारांप्रमाणे देश चालवायला बसणं, हे सगळं एकाच माणसाने केलं, असं इतिहासात फार वेळा दिसत नाही. आणि त्याचं जिथे बिनसलं, ती जागा नीट बघण्यासारखी आहे.

शेतकऱ्याचा मुलगा, पाद्री व्हायला निघालेला

काप्सुकसचा जन्म १८८० सालचा, विल्काविश्किसजवळच्या एका खेड्यातला. घर शेतकऱ्याचं, पण खाऊनपिऊन सुखी. या भागाला सुवाल्किया म्हणतात आणि त्याची एक खासियत आहे. लिथुआनिया तेव्हा रशियन झारच्या राज्यात होता. बाकीच्या भागात भूदासपद्धत, म्हणजे शेतकरी जमीनदाराशी बांधलेला असणं, १८६१ पर्यंत टिकली. सुवाल्कियात मात्र नेपोलियनच्या काळातच, १८०७ साली, शेतकरी कायद्याने मोकळा झाला होता. त्यामुळे इथे दोन पैसे बाळगून असलेले शेतकरी होते आणि ते मुलांना शिकवायचे. घरातला एक मुलगा तरी पाद्री व्हावा ही आईबापांची इच्छा असायची. आपल्याकडे मुलगा डॉक्टर-इंजिनियर व्हावा असं वाटतं ना, तसंच.

विन्त्सस मारियाम्पोलेच्या शाळेत शिकला आणि मग सेइनी इथल्या पाद्र्यांच्या सेमिनरीत गेला. हे सेमिनरीचं नाव लक्षात ठेवा. तिथून त्याला काढून टाकलं. पुढे येल्गावाच्या शाळेत गेला, तिथूनही काढलं. दोन्हीकडे कारण साधारण एकच: लिथुआनियन भाषेच्या आणि राष्ट्रवादाच्या चोरट्या चळवळीत त्याचं असणं.

भाषा आणि चोरटी? हो. १८६३ च्या उठावानंतर झारच्या सरकारने १८६४ पासून लॅटिन लिपीत लिथुआनियन छापण्यावर बंदी घातली. छापायचं असेल तर रशियन लिपीत छापा, असा हुकूम. विचार करा, उद्या कुणी सांगितलं की मराठी लिहायला हरकत नाही, पण देवनागरीत नाही, सरकार सांगेल त्या लिपीत लिहा. ही बंदी १९०४ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं चालली. लोकांनी तिला दाद दिली नाही. पुस्तकं आणि पेपर शेजारच्या पूर्व प्रशियात, टिल्सिटसारख्या गावांत छापले जायचे आणि रात्रीच्या वेळी सीमा ओलांडून पाठीवरच्या गाठोड्यांतून आत यायचे. ते आणणाऱ्यांना 'पुस्तकवाहक' असं नावच पडलं होतं. पकडले गेले तर तुरुंग, नाहीतर थेट सायबेरिया.

काप्सुकस या जगात वाढला. 'वार्पस', म्हणजे घंटा, आणि 'ऊकिनिंकस', म्हणजे शेतकरी, ही त्या चोरट्या पेपरांपैकी दोन मोठी नावं. तो त्यांत लिहू लागला, संपादनात आला. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या विद्यापीठात शिकायला गेला. 'काप्सुकस' हे टोपणनाव. त्याच्या भागातल्या लोकांना 'काप्साई' म्हणतात, त्यावरून ते आलं. आपल्याकडे कुणी 'कोकणकर' नावाने लिहावं तसं. म्हणजे सुरुवातीला हा माणूस मातीचा आणि भाषेचा होता. जगातल्या कामगारांची भाषा त्याच्या तोंडी नंतर आली.

राष्ट्रवादाकडून समाजवादाकडे

१९०३ च्या सुमारास तो लिथुआनियाच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षात आला. पुढच्या वर्षी मित्रांबरोबर 'द्राउगस' हा पेपर काढला. लिथुआनियनमध्ये 'द्राउगस' म्हणजे मित्र आणि त्याच शब्दाचा अर्थ 'कॉम्रेड'सुद्धा. १९०५ साली साऱ्या रशियन साम्राज्यात क्रांतीची लाट आली. सुवाल्कियात शेतमजुरांचे संप झाले आणि काप्सुकस त्यांत उतरला. अटक झाली, निसटला, १९०७ मध्ये पुन्हा सापडला. मग सक्तमजुरीची शिक्षा आणि एकामागून एक तुरुंग. १९१३ मध्ये सायबेरियात हद्दपारी झाली, तर तिथूनही पळाला आणि १९१४ साली ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या क्राकूवला पोहोचला. लेनिन तेव्हा त्याच भागात राहत होता. दोघांची भेट तिथली. ग्रूतासच्या बागेतल्या पुतळ्याचा विषय हीच भेट आहे.

तुरुंगातून बाहेर पडलेला काप्सुकस आधीसारखा राहिला नव्हता. 'वार्पस'च्या काळातल्या मित्रांना स्वतंत्र लिथुआनिया हवा होता. काप्सुकसला आता वाटू लागलं होतं की छोटी छोटी राष्ट्रं उभी करणं म्हणजे कामगारांना कुंपणं घालून वेगळं करणं. पोलंडमधल्या रोझा लक्झेंबुर्गच्या विचारांची छाप यात दिसते. राष्ट्रापेक्षा वर्ग मोठा आणि मोठी शेती लहान शेतीपेक्षा पुढारलेली. ही दोन सूत्रं ध्यानात ठेवा, कारण १९१९ चा सगळा पेच यांच्याभोवतीच आहे.

स्कॉटलंडच्या खाणी, फिलाडेल्फियाचा छापखाना

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि काप्सुकस ब्रिटनला गेला. हा भाग तुमच्यापैकी जे स्कॉटलंडमध्ये राहतात त्यांनी जरूर वाचावा.

ग्लासगोच्या आग्नेयेला लॅनार्कशायर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या कोळशाच्या खाणींत आणि पोलादाच्या कारखान्यांत हजारो लिथुआनियन माणसं कामाला आली. स्थानिक खाणकामगारांना ती आधी नको होती. हे कमी मजुरीत काम करतात, आपला भाव पाडतात, अशी तक्रार. नावं उच्चारता येईनात म्हणून मुकादमांनी हजेरीपटावर सरळ इंग्रजी आडनावं चढवली. आपल्याकडचा 'धनंजय' परदेशी ऑफिसात 'डीजे' होतो, तसं. फक्त इथे आडनाव बदललं ते कायमचंच. हळूहळू हे लोक युनियनमध्ये आले, संपात उभे राहिले आणि स्थानिकांशी त्यांचं जमलं. बेल्सहिल हे त्यांचं मुख्य गाव. काप्सुकसने तिथे 'रांकपेल्निस' या पेपरचं संपादन केलं. नावाचा अर्थ, हाताच्या कष्टाने पोट भरणारा.

१९१६ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि फिलाडेल्फियात 'कोवा'चा, म्हणजे 'लढा'चा, संपादक झाला. हा अमेरिकेतल्या लिथुआनियन समाजवाद्यांचा पेपर. त्याच काळात त्याने योनास बिल्युनस या लिथुआनियन कथाकाराचं चरित्रही लिहिलं. राजकारणात कितीही बुडाला तरी साहित्याची ओढ सुटलेली नव्हती.

परदेशातल्या या पेपरांचा वाचक कोण होता? खाणीत उतरणारा, कत्तलखान्यात राबणारा माणूस. त्याच्याकडे जमीन नव्हती. तो मजुरीवर जगत होता. 'जगातल्या कामगारांनो' ही हाक त्याला बरोबर लागू पडत होती. पण लिथुआनियात मागे राहिलेल्या त्याच्या भावाचं काय? तो शेतकरी होता, आणि त्याची भूक जमिनीची होती.

बेल्सहिलच्या त्या लोकांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १९१७ मध्ये ब्रिटन आणि रशिया यांच्यात करार झाला. रशियाच्या प्रजाजन पुरुषांनी एकतर ब्रिटिश सैन्यात भरती व्हावं, नाहीतर रशियात जाऊन लढावं. सुमारे हजारभर लिथुआनियन पुरुष स्कॉटलंडमधून रशियाकडे गेले. तिकडे तेवढ्यात क्रांती झाली, आणि त्यांतल्या बहुतेकांना परत येता आलं नाही. मागे राहिलेल्या कित्येक बायका-मुलांनाही ब्रिटिश सरकारने १९२० मध्ये देशाबाहेर पाठवलं. स्थलांतरितांची आयुष्यं दोन सरकारांच्या एका सहीने कशी उलटीपालटी होतात, ते व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सत्ता हातात आल्यावर

१९१७ मध्ये झार गेला. काप्सुकस अमेरिकेहून पेट्रोग्राडला परतला, बोल्शेविक झाला आणि 'तिएसा', म्हणजे सत्य, हा पेपर चालवू लागला. नोव्हेंबरात बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि डिसेंबरमध्ये तो सोव्हिएत सरकारात लिथुआनियन बाबींचा कमिसार झाला. त्याचा सहकारी होता झिग्मस अंगारिएतिस. हे नावही लक्षात असू द्या.

इकडे विल्नियसमध्ये, जर्मन सैन्य शहरात असतानाच, १६ फेब्रुवारी १९१८ रोजी लिथुआनियन नेत्यांच्या परिषदेने स्वातंत्र्य जाहीर केलं. नोव्हेंबरात जर्मनी युद्ध हरली, सैन्य मागे सरकू लागलं आणि त्याच्यामागून लाल सैन्य पश्चिमेकडे निघालं. डिसेंबर १९१८ मध्ये काप्सुकसच्या अध्यक्षतेखाली क्रांतिकारी कामगार-शेतकरी सरकार जाहीर झालं. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लाल सैन्याने विल्नियस घेतलं. स्वतंत्र लिथुआनियाचं सरकार काही दिवस आधीच कौनसला निघून गेलं होतं.

या सरकारने काही चांगलंही केलं. झारने १८३२ मध्ये बंद पाडलेलं विल्नियसचं विद्यापीठ पुन्हा सुरू करायचा हुकूम मार्च १९१९ मध्ये काप्सुकसच्या सरकारनेच काढला. शिक्षणाचं काम बघणारा वात्स्लोवस बिर्झिश्का कम्युनिस्ट नव्हता. तो पुढे लिथुआनियन ग्रंथसूचीचा मोठा अभ्यासक झाला.

पण पोटाचा प्रश्न सुटत नव्हता. लाल सैन्याला लागणारं धान्य आणि घोडे गावागावातून उचलले जात होते. शहरात टंचाई होती. विरोधकांना ओलीस म्हणून धरलं गेलं. फेलिसिया बोर्टकेविचिएने ही डाव्या विचारांची प्रकाशक आणि कार्यकर्ती, म्हणजे काप्सुकसच्या जुन्या 'वार्पस'च्या जगातलीच बाई, तीही या ओलिसांत होती. कौनसच्या सरकारने पकडलेल्या कम्युनिस्टांच्या बदल्यात हे लोक १९१९ च्या उन्हाळ्यात सुटले. ज्या माणसाने स्वतः झारचे तुरुंग भोगले, त्याच्या सरकारात हे घडलं.

आणि मग जमीन. रशियात लेनिनने सत्तेवर येताच जमिनीचा हुकूम काढला होता. जमीनदारांची जमीन शेतकऱ्यांनी वाटून घ्या. हे मार्क्सच्या पुस्तकात बसतं की नाही हा वाद त्याने बाजूला ठेवला, कारण शेतकरी बरोबर नसेल तर राज्य टिकणार नाही हे त्याला कळत होतं. लिथुआनियात काप्सुकस आणि अंगारिएतिस यांनी उलटं केलं. जमीनदारांच्या आणि चर्चच्या इस्टेटी जप्त केल्या, पण वाटल्या नाहीत. त्या सरकारी शेतं म्हणून चालवायचं ठरवलं. युक्तिवाद असा की इस्टेट मोडून तुकडे केले तर उत्पादन घटेल, लहान मालकांचा नवा वर्ग तयार होईल आणि समाजवाद लांबेल.

कागदावर हे तर्कशुद्ध आहे. पण तुमच्या आजी-आजोबांना विचारा, 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा महाराष्ट्रात का पेटली होती. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या माणसाला पहिला प्रश्न एकच असतो, ही जमीन माझी होणार का? काप्सुकसच्या सरकारचं उत्तर होतं, नाही, ती सगळ्यांची होणार. शेतकऱ्याने त्याचा अर्थ असा घेतला की आधी जमीनदार होता, आता कमिसार आलाय.

कौनसच्या सरकारने नेमकं तेच हेरलं. सैन्यात येणाऱ्या भूमिहीनांना आणि अल्पभूधारकांना जमीन देऊ, असं त्यांनी कबूल केलं. पुढे १९२२ मध्ये मोठा जमीन सुधारणा कायदा झाला, इस्टेटी तोडून जमीन वाटली गेली. तो राबवणारा मंत्री कोण? मिकोलस क्रुपाविचुस नावाचा पाद्री, सेइनीच्या त्याच सेमिनरीत शिकलेला. शेतकऱ्याचा मुलगा असलेल्या कम्युनिस्टाने जे केलं नाही, ते एका पाद्र्याने केलं.

राष्ट्राच्या बाबतीतही तसंच झालं. २७ फेब्रुवारी १९१९ रोजी मॉस्कोच्या धोरणाप्रमाणे लिथुआनिया आणि बेलारूस जोडून एकच सोव्हिएत प्रजासत्ताक केलं, थोडक्यात 'लितबेल'. प्रमुख काप्सुकसच. पण ज्या भाषेसाठी लोकांनी चाळीस वर्षं गाठोडी वाहिली, त्यांना हे जोडराज्य आपलं वाटेना. एप्रिलमध्ये पोलिश सैन्याने विल्नियस घेतलं. सरकार मिन्स्ककडे हटलं, आणि ऑगस्टमध्ये मिन्स्कही पडलं. लितबेल तिथेच संपलं.

हरण्याचं सगळं खापर जमिनीच्या धोरणावर फोडणं बरोबर नाही. पोलिश सैन्य तगडं होतं, कौनसला जर्मन स्वयंसेवकांची मदत होती, आणि लाल सैन्य रशियात इतर आघाड्यांवरही अडकलेलं होतं. तरीही स्वतः कम्युनिस्टांनीच नंतर मान्य केलं की जमीन न वाटणं चुकलं.

मॉस्कोतली वर्षं

पुढे काप्सुकस कॉमिन्टर्नमध्ये, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मॉस्कोतल्या संघटनेत काम करू लागला आणि तिच्या कार्यकारिणीवर गेला. आपला तो बारीकसा संबंध इथे येतो. १९२९ च्या मीरत खटल्यात डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, अधिकारी अशा मुंबईच्या कार्यकर्त्यांवर ज्या कॉमिन्टर्नशी मिळून कट केल्याचा आरोप होता, ती हीच संघटना.

लिथुआनियात त्याचा पक्ष बेकायदा होता. डिसेंबर १९२६ मध्ये तिथे लष्करी उठाव झाला आणि त्याच महिन्यात चार कम्युनिस्टांना गोळ्या घातल्या गेल्या. काप्सुकस मॉस्कोतून लिहीत राहिला. १७ फेब्रुवारी १९३५ रोजी क्षयाने वारला. वय ५४.

तो वेळेवर गेला, असं म्हणावं लागतं. दोनच वर्षांनी स्तालिनने पक्षातल्याच माणसांचा संहार सुरू केला. लितबेलच्या सरकारातले त्सिखोव्स्की, लेन्स्की, उन्श्लिख्त हे सगळे १९३७-३८ मध्ये मारले गेले. अंगारिएतिसला १९३८ मध्ये पकडलं आणि २२ मे १९४० रोजी त्याचा अंत झाला. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, १५ जूनला, सोव्हिएत फौजा लिथुआनियात घुसल्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये सुमारे १७ हजार माणसांना गुरांच्या डब्यांत भरून सायबेरियाकडे पाठवलं गेलं. युद्धानंतर सामूहिक शेती आली आणि १९२० च्या दशकात वाटलेली जमीन शेतकऱ्यांच्या हातून गेली. १९४० पासून पुढे जे झालं, ते बघायला काप्सुकस नव्हता. पण त्या राज्याला एक संत हवा होता. स्तालिनच्या हातून न मेलेला, लेनिनला भेटलेला, लिथुआनियन बोलणारा माणूस त्या जागी चपखल बसला. म्हणून शहराला त्याचं नाव मिळालं.

मग या माणसाचं करायचं काय?

लिथुआनियात आज त्याच्याबद्दल फारसं प्रेम नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. ज्या घरातून कुणी सायबेरियाला गेलं, त्या घराला 'पण तो साहित्यावरही लिहायचा' हे सांगून काय उपयोग? त्याचवेळी, तो मॉस्कोने पाठवलेला प्यादा होता एवढंच म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण पुरं नाही. त्याने भाषेसाठी शाळा गमावल्या, मजुरांसाठी तुरुंग भोगला. तो ढोंगी नव्हता. ज्या विचारावर त्याचा विश्वास होता, तो त्याने प्रत्यक्ष माणसांवर लावून पाहिला, आणि माणसं नाही म्हणत असताना विचार बदलायला वेळ लावला.

आपण परदेशात बसून मायदेशाबद्दल बरंच काही ठामपणे बोलतो. शेतकऱ्यांनी काय पिकवावं, कुणाला मत द्यावं, कोणती भाषा शाळेत असावी. फोनवर, ग्रुपवर, सुट्टीत गावी गेल्यावर जेवणाच्या ताटावर. बोलू नये असं अजिबात नाही. बेल्सहिल आणि फिलाडेल्फियाच्या पेपरांनी हजारो माणसांची भाषा जिवंत ठेवली, हेही खरंच आहे. पण पुढच्या वेळी गावाकडच्या काकांशी वाद घालताना, आपलं म्हणणं मांडण्याआधी त्यांना एवढं विचारून बघा: तुम्हाला स्वतःला काय हवंय? आणि उत्तर आपल्या सिद्धांतात बसलं नाही, तरी पुरतं ऐकून घ्या.